झाकण मी लावणारच

काम थांबलं की हत्यार झाकायचं, हे आत्याला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. सोफे आणि खुर्च्या भरण्याचा त्यांचा धंदा, आणि कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे कापूस आणि काथ्याचा भुगा इतका उडे, की उघडी राहिलेली वस्तू संध्याकाळपर्यंत पिकल्या केसांची होऊन बसे. म्हणून शिलाई मशीनला खोळ, दाभणांच्या डब्याला खोळ. लॅपटॉप घरात आला तेव्हा त्यालाही तोच कायदा लागला. कापूस पिंजायला घेतला की झाकण बंद आणि प्लग बाहेर. कपाटावरच्या राउटरला तर तिने अस्तर लावून, कडेला गोट घालून अशी मऊ खोळ शिवली होती, की बघणाऱ्याने विचारावं, आत कोण झोपलंय?

आत्या ती मुळात एकाच भाच्याची. पण त्याचं ऐकून सगळी गल्ली तिला आत्या म्हणू लागली, आणि तिनेही कुणाला अडवलं नाही.

मनगट कामातून गेलं तेव्हा तिचं जड काम सुटलं. टाके घालता येत, कापूस पिंजता येई, पण हातोडी पेलवेना. गिऱ्हाइकं पांगली. अशा वेळी हस्तकलेच्या एका संस्थेने तिला शिकवायला बोलावलं, तेही घरबसल्या, लॅपटॉपवरून. विद्यार्थी आपापल्या घरी मोडकी खुर्ची पुढ्यात घेऊन बसत आणि आत्या इथून एकेकाचा कान पिळत असे. एवढा वर्ग सोडला तर तिच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. वर्गाच्या मधेच कापूस पिंजून झाला की आत्या झाकण उघडायची. पडदा झटकन उजळे, पण वायफाय गायब. लॅपटॉप जागा होई, त्याचं वायफाय मात्र घोरत पडे. अख्खा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की येई, पण त्या जुन्या यंत्राला इतका वेळ लागे, की तोवर निम्मा वर्ग उठून गेलेला असे.

संस्थेच्या प्राचार्यबाई गोड बोलणाऱ्या. त्यांनी फोन केला. "आत्या, तुमचे धडे आपण रेकॉर्ड करून ठेवू या का? मुलं तेच बघतील. तुम्हालाही उगाच दगदग नको."

"रेकॉर्ड केलेली आत्या कुणाचा चुकलेला टाका उसवायला सांगणार आहे का?" आत्याने विचारलं.

"मग निदान झाकण तरी उघडं ठेवा."

"नाही ठेवणार. मागे एकदा राहिलं होतं, तर आतल्या पंख्यात कापूस जाऊन लॅपटॉप धापा टाकायला लागला."

"पुढच्या वर्गाला मी स्वतः बसते. मग काय ते ठरवू."

ठरलेलंच होतं, फक्त सांगायचं बाकी होतं. आत्याचं डोकं सणकलं. तिने भाच्याला फोन लावला. तो दुसऱ्या गावी कुठल्याशा कंपनीत संगणकाचीच कामं करायचा.

"आधी ती राउटरवरची गोधडी काढ," भाचा म्हणाला. "गुदमरलाय तो."

"त्याच वायफायवर माझा मोबाइल इथे मजेत चाललाय. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस."

"मग नवीन लॅपटॉप आणून देतो."

"स्प्रिंग कुरकुरली म्हणून सोफा फेकतात का रे? उंटावरून शेळ्या हाकू नकोस. कुठे दाबायचं ते सांग."

भाचा हसला आणि एकदाचा वळणावर आला. त्याच्या सांगण्यावरून आत्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला, वायफायच्या कार्डाचं नाव शोधलं आणि त्यातलं पॉवर मॅनेजमेंटचं पान काढलं. तिथे एका चौकटीत बरोबरची खूण होती.

"म्हणजे वीज वाचवायला हे कार्ड बंद करायची लॅपटॉपला परवानगी आहे," भाच्याने सांगितलं.

"परवानगी? मी कधी दिली?" आत्याने ती खूण काढून टाकली आणि ओके दाबलं. झाकण लावलं, उघडलं. वायफाय हजर! भाच्याने शाबासकी देऊन फोन ठेवला.

मग आत्याने सवयीप्रमाणे प्लग काढला, झाकण लावलं, चहा पिऊन परत आली. वायफाय पुन्हा गायब. क्षणभर तिला रडूच आलं. पण कुरकुरणारी स्प्रिंग शोधायची तर एकेका स्प्रिंगवर बसून बघावं लागतं. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, प्लग लावून झाकण मिटलं: चालतंय. प्लग काढून मिटलं: मेलं. सापडली.

"प्लग काढतेस कशाला?" भाचा फोनवर वैतागला.

"काम थांबलं की प्लग काढायचा. तुझ्या आजोबांचा नियम आहे. पुढचं सांग."

पुढचं पॉवर ऑप्शन्समध्ये होतं. बॅटरीवर असताना वायफायने जास्तीत जास्त वीज वाचवावी, असं तिथे ठरवून ठेवलेलं होतं. आत्याने ते बदलून वायफायला पूर्ण ताकदीने चालायला लावलं. मग प्लग काढून झाकण लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. इतक्यांदा, की भाचा म्हणाला, "आत्या, आता बिजागरी मोडेल!"

वर्गाच्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात प्राचार्यबाई होत्या. काथ्याचा थर झाला, सुतळीचे टाके झाले, कापसाची वेळ आली.

"आत्या, झाकण तेवढं लावू नका हं," प्राचार्यबाई घाईने म्हणाल्या.

"कापूस पिंजायचाय. झाकण मी लावणारच. तोवर मुलांनो, टाके ओढून बघा." आत्याने खाडकन झाकण लावलं आणि प्लग काढला. कापूस नेहमीसारखाच सावकाश मोकळा केला. घाईने पिंजलेला कापूस बसायला टोचतो. भुगा खाली बसू दिला, हात पुसले आणि झाकण उघडलं. वर्गाचं बटण दाबलं.

आधी आवाज आला, मग चित्र. प्राचार्यबाई मुलांना समजावत होत्या, "...त्या काही आता लवकर येत नाहीत. तर पुढच्या वेळेपासून आपण रेकॉर्ड केलेले धडे..."

"कशाला?" आत्या म्हणाली. "मी आहे की."

आत्या कॅमेऱ्याच्या जवळ सरकली. "पडद्यावर खालच्या रांगेतले चष्मेवाले, तुमचा तिसरा टाका सैल आहे. उसवा."