नमुन्यात माणूस नको

योगेश गेल्याचं मला ऑफिसातच कळलं. कडोदऱ्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. फोन आला तेव्हा शेजारच्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर सुरूच होता... महिना उलटला, तरी त्या टेबलाकडे मला बघवत नाही.

आमचं काम सांगितलं की लोक हसतात. व्हिडिओ दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी तपासावं लागतं, आणि त्यासाठी छोट्या छोट्या नमुना फाइली लागतात. योगेश त्या बनवायचा. खुल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे जगात कुणीही फुकट घ्याव्या, वापराव्या. खानदेशातून आलेल्या आईबापाचा, उधन्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत वाढलेला पोरगा. त्याला सुचून काय सुचणार? चालता माग, वाळत घातलेल्या साड्या, तापीचं पाणी. माणूस मात्र चुकूनही नाही.

एकदा मी सोबत गेलो होतो. मागावरचा गुजराती कारागीर स्वतःचा फोटो काढून घ्यायला पुढे आला, हौसेने म्हणाला, "भाई, मारो फोटो तो पाड ने!" योगेशने त्याला चहा पाजला, आणि तो बाजूला झाल्यावरच कॅमेरा सुरू केला. मध्येच मी खोकलो, तर सगळं पुसून पुन्हा काढलं. मी वैतागलो.

"माणूस आला की फाइल त्याची होते रे," तो नेहमीसारखा कान खाजवत म्हणाला. "ही कुणाचीच नको."

त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात त्याच्याच हाती कॅमेरा दिला, तर या महाशयांनी मांडवाची झालर नि हळदीची वाटी तेवढी काढून आणली. नवरा-नवरी गायब! काय चिडवलं होतं आम्ही त्याला... आता ते आठवलं की हुंदका येतो.

कारण दहावं झाल्यावर त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, मला जवळ बसवून म्हणाली, "माले मना पोऱ्याना आवाज आयकना शे, भाऊ." त्याचा फोन ट्रकखाली गेला होता. मेसेज तो नेहमी टाइप करूनच पाठवायचा. तरी मी छातीठोकपणे म्हटलं, "अगं मावशी, त्याचं कामच व्हिडिओचं. त्याचा आवाज शोधतो की." घरी ठेवलेला त्याचा लॅपटॉप उघडला, एकेक फाइल पाहिली. माग, साड्या, झालर, पाणी. त्याचा एक शब्द नाही. स्वतःला त्याने इतकं नीट पुसलं होतं, की मला त्याचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी एक फाइल सापडली. वाऱ्यावर हलणारी लाल साडी, आणि तिच्यावर क्षणभर एक सावली पडते, कान खाजवते, निघून जाते. मावशीने पदर तोंडाला लावला. "मना योगेश..." मग ती लॅपटॉपजवळ सरकली. "आवाज मोठा कर ना, भाऊ. तो हळूच बोले."

आवाज पूर्णच होता. बिनआवाजाची फाइल सॉफ्टवेअरला पेलते का, हे तपासायला त्याने त्यातला आवाज मुद्दाम काढून टाकला होता. मला ते सांगता आलं नाही. आता रोज संध्याकाळी मी उधन्याला जातो. मावशी लॅपटॉपला कान लावून बसते, आणि पूर्ण असलेला आवाज मी पुन्हा वाढवतो.