मुंबई ते लंडन, नऊ तास

आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती, आणि तीही एकटी. लंडनला माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. तिकिटावर उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची होती. ती आपल्या वेळेशी जुळवताना माझा गोंधळ व्हायला लागला, म्हणून मी सरळ फोनवर अंतर शोधलं. सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. आईला तेच सांगितलं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचार केला. "म्हणजे दोन डाव धुळ्याले जाई येवानं."

आईला मधुमेह. विमानातलं जेवण ती खाणार नव्हती. कशात काय घातलं असेल याचा तिला भरवसा नव्हता. नऊ तासांच्या हिशेबाने तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. गोळी कधी घ्यायची, कधी खायचं, हे मीच तिला पढवलं.

मुंबईत पहाटेच्या विमानासाठी तिला व्हीलचेअरवाल्याच्या हवाली करून मी सकाळच्या गाडीने परत फिरलो. दुपारी पिंप्राळ्यात घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. विमान सुटून नऊ तास होऊन गेले होते. फोनवर विमान कुठवर आलं ते दाखवणारा नकाशा उघडला. ते अजून ऑस्ट्रियावर होतं. मागची रेघ सरळ नव्हतीच, सौदी, इजिप्त असा मोठा वळसा घालून आली होती.

"उतरनी का तुनी माय?"

"थोडा वेळ शे, आबा."

मेहुण्यांना फोन लावला. ते विमानतळावरच होते.

"काही देशांवरून विमानं जाऊ देत नाहीत सध्या," ते म्हणाले. "लांबून आणतात. तिकिटावर या लांबच्या वाटेचेच तास धरलेले आहेत, दादा."

म्हणजे चुकलो होतो मीच. गोळी तिने माझ्या हिशेबाने घेतली असणार, दशम्याही केव्हाच संपल्या असणार. तिला फोन करायची सोय नव्हती. पुढे विमान लंडनवर आलं आणि उतरायचं सोडून घिरट्या घालू लागलं. आबा ओट्यावरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. 

विमान उतरल्यावरही बराच वेळ फोन आला नाही. शेवटी मेहुण्यांचा आला.

"आई बाहेर आल्या. विमानात साखर उतरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी संत्र्याचा रस मागवून पाजला. आता बऱ्या आहेत."

मी फोन आबांजवळ धरला. पलीकडून आईचा आवाज आला, जरा खोल गेलेला.

"मी बरी शे. ती बाई गुजराती व्हती. उतरेपर्यंत मना हात धरी बसनी." मग थांबून म्हणाली, "तू नऊ तास सांगं व्हतं ना?"

 

संध्याकाळी बहिणीने व्हिडिओ कॉल लावला. आईच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली नात होती. आबांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"थंडी शे का तठे?" त्यांनी विचारलं.

"शे ना," आई म्हणाली. "पन पोरगीना पाय गरम शेतस."