भिंतीवरचा लाल भोपळा

तळवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकू कंपाउंडच्या भिंतीवर लाल भोपळ्याचा वेल चढवायच्या. येता-जाता भोपळ्याला नख लावून बघायच्या. रुतलं की मला म्हणायच्या, “कच्चा हाय दादा, ऱ्हाऊ दे.” नख रुतेनासं झालं की पहिला घाव काका घालायचे. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही, ही काकूंची पक्की समजूत. मग दुपारभर जिन्यात घारग्यांचा वास.

काका गेले त्या वर्षी देठ वाळून काथ्यासारखा झाला, तरी काकूंचं एकच, “कच्चाच हाय.”

शेवटी मीच नख लावलं. रुतलं नाही. मी कोयता मागितला. काकूंनी तो लगेच आणून दिला. त्याला ताजी धार लावलेली होती.