चव आहे, म्हणजे कांदा आहे!

आमच्या गंगापूर रोडच्या फिरायच्या ग्रुपमध्ये किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. बापू सोबत असले की ते आपोआप साठत जातात!

बापू मूळचे चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. माणूस इतका संशयी, की दूधवाल्याला थांबवून त्याच्यासमोर दूध उकळून बघतील. ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. टोपीवर त्यांचा विश्वास नाही.

ऑक्टोबरात आम्ही उडुपीला गेलो. बापू, मंदावहिनी, बापूंची आई म्हणजे जिजी, आणि मी. जिजींचा चातुर्मास चालू, त्यामुळे कांदा-लसूण बंद. उडुपीच्या कृष्णाच्या देवळात पंगतीला बसून प्रसाद घ्यायचा, ही त्यांची फार वर्षांची इच्छा. बापूंनी निघतानाच बजावलं, "आई, मी वास घेतल्याबिगर घास घ्यायचा नाय!"

*

इगतपुरीला गाडी थांबली आणि वडेवाला आला. बापूंनी वडा फोडून नाकाशी नेला.

"यात कांदा हाय."

"नाही हो काका, नुसता बटाटा!"

"आसंल. पण तू कांदा कापून हात धुतला नाय!"

वडेवाला पुढच्या डब्यात गेला. जिजींनी केळं सोललं.

*

उडुपीत देवळाजवळच्या हॉटेलात मसाला डोसा मागवला. वेटरने हिंदीत सांगितलं, "प्याज नहीं, लहसुन नहीं. यहाँ सब ऐसा ही बनता है."

बापूंनी डोसा उलगडून आतली भाजी बोटाने चाचपली. मग घास घेतला आणि डोळे मिटले. चला, जमलं एकदाचं, असं मला वाटलं.

"लय भारी हाय," ते म्हणाले, आणि जिजींची प्लेट स्वतःकडे ओढली! "इतकी चव हाय म्हंजे कांदा हाय. आमच्या मालाबिगर चव येती कुठं?"

वहिनी वैतागल्या. "अहो, मग बेचव मिळालं तर?"

"तर कांदा नाय. पण बेचव खायला इतक्या लांब कशाला यायचं?"

जिजींनी दुसरं केळं घेतलं. मला त्या म्हातारीची काळजी वाटायला लागली होती आणि बापूंचा मनापासून राग येत होता.

*

देवळात कृष्णाचं दर्शन छोट्या छोट्या भोकांच्या खिडकीतून घ्यायचं असतं. सगळेच तसं घेतात. बापूंना ते पटेना.

"आत वशिल्याची रांग आसनार. तुम्ही थांबा, मी बघून येतो."

बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परत आले, पण चेहरा खुललेला. "सापडली! मागच्या बाजूनं एक रांग हाय. कुनाला सांगू नका."

"मग दर्शन झालं?"

"झालं की!"

"कुठून?"

बापूंनी घाम पुसला. "तिथं बी खिडकीच हाय."

ती हीच खिडकी होती. आम्ही तिघी तिच्यासमोरच उभ्या होतो!

*

मग पंगत. पुरुषांनी शर्ट काढायचे म्हटल्यावर बापूंना पाकिटाचा संशय आला. शर्ट कमरेला बांधला, पाकीट वहिनींकडे दिलं आणि सारखं "हाय ना?" विचारत बसले.

जिजींसमोर केळीचं पान आलं. भात आला, त्यावर वाफाळतं सांबार आलं. प्रवासात तिखटमिठाचा कणही पोटात गेला नव्हता. त्यांनी हात जोडले, घास कालवला, तोंडाशी नेला.

"थांब!"

बापूंच्या ओरडण्याने अख्खी पंगत दचकली. "वास येतोय. कांद्याचा! माझं नाक कधी चुकत नाय!"

जिजींनी घास पानात परत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. वाढपी बादली धरून जागच्या जागी उभा राहिला. त्याला जाब विचारायला बापू तावातावाने उठले, आणि त्यांच्या पँटच्या खिशातून कांदा निसटला. तो टपकन फरशीवर पडला, पानांच्या मधून घरंगळत गेला आणि वाढप्याच्या पायाशी जाऊन थांबला.



जिजींनी कांद्याकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. पदराने डोळे पुसून पान जवळ ओढलं आणि सुनेला म्हणाल्या,

"मंदा, या दोघांना भायेर ने, अन् मला आजून सांबार वाढाया सांग!"