त्यांच्या नावाखाली टीप नव्हती

भिलाईच्या कारखान्यात मला टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिली भट्टी पेटून थोडेच दिवस झाले होते. अर्धा कारखाना चालत होता, अर्धा अजून उभा राहत होता, आणि आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही एकदम दिसायचे. संसदेत कारखान्याबद्दल जे प्रश्न विचारले जात, त्यांच्या उत्तरांसाठी माहिती गोळा करणं हे आमच्या सेक्शनचं काम. त्यासाठी दिल्लीहून लोकसभेतल्या चर्चेचे जाडजूड छापील खंड येत. पोलाद किंवा भिलाई हा शब्द दिसला की त्या पानात चिठ्ठी घालून ठेवायची, हे काम बडे बाबूंनी माझ्याकडे दिलं. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. नागपूरचे होते, पान खायचे, आणि मॅट्रिक झालेल्या मुलीला इंग्रजी वाचता येतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

पहिले काही आठवडे मी फक्त शब्द शोधले. मग मला त्या याद्या दिसल्या.

एखाद्या मुद्द्यावर नुसत्या आवाजावर निकाल लागला नाही, तर सभागृहात मोजून मतं घेत. कोण 'होय' म्हणालं आणि कोण 'नाही', त्या सगळ्यांची नावं खंडात छापलेली असत. मी अशा तीन-चार याद्या वाचल्या आणि मला गंमत वाटली. एका यादीत जी माणसं एका बाजूला, तीच दुसऱ्या यादीतही एका बाजूला. विषय कुठलाही असो. शेती असो, रेल्वे असो, शाळा असो.

मी बडे बाबूंना विचारलं, "हे लोक आपल्या पक्षाच्या विरोधात कधीच मत देत नाहीत का?"

"द्यायला कायद्याची मनाई नाही," ते म्हणाले. "पण पक्षाचा हुकूम निघतो ना. त्याला व्हिप म्हणतात. तो मोडला तर पुढच्या निवडणुकीत तिकीट कोण देईल?"

"तरी पण, किती वेळा देत असतील?"

"मले काय माहीत? तूच मोज." ते हसून पान लावायला लागले.

त्यांनी थट्टा केली आणि मी खरंच मोजायला बसले. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत संपवायचा आणि खंड उघडायचा. कपाटात सभासदांची एक पुस्तिका होती, तीत कोण कोणत्या पक्षाचं ते दिलेलं होतं. ती डाव्या हाताला, खंड उजव्या हाताला. एकेका नावावर बोट ठेवून खाली उतरायचं. पहिल्यांदा एक नाव भलत्याच बाजूला सापडलं तेव्हा मी इतक्या जोरात "सापडला!" म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या बाबूंची शाई सांडली.

बडे बाबू उठून आले. चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "नावापुढे फुली आहे ती दिसली नाही का? आता पानाच्या तळाशी वाच."

तळाशी टीप होती. या सभासदांचं मत चुकून पडलं, असं तिचं म्हणणं. मग बडे बाबूंनी समजावलं. लोकसभेत आता मतासाठी विजेची बटणं आहेत. घाईत चुकीचं दाबलं जातं. मग सभासद चिठ्ठी लिहून कळवतो, आणि ती दुरुस्ती छापली जाते.

माझा उत्साह निम्मा उतरला. पण पुढचे दोन महिने मी थांबले नाही. अशी आणखी नावं सापडली, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे फुली होती. मग एका दुपारी एक नाव दिसलं, ज्याच्यापुढे काहीच नव्हतं. मी तळाशी पाहिलं. पुढचं पान उलटलं. त्याच्या पुढचंही. टीप कुठेच नव्हती. आणि ते नाव आमच्याकडचं होतं, विदर्भातलं. माझ्या बाबांनी त्या माणसाचं भाषण आमच्या गावच्या बाजारात ऐकलं होतं.

मी ती सगळी चर्चा वाचून काढली. विरोधी बाकावरच्या कोणीतरी कायद्याच्या मसुद्याला एक दुरुस्ती मांडली होती. जिथे बांधकामावर बाया काम करतात, तिथे त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर असावं, एवढंच. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की कल्पना चांगली आहे, पण आत्ता नको. मतं मोजली, दुरुस्ती पडली. सरकारी पक्षाची सगळी नावं 'नाही'च्या खाली. हे एकटे 'होय'च्या खाली.

मला घरी कधी जाते असं झालं. माझी माय भिलाईत आली ती रेजा म्हणून, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन माती वाहणारी मजूर. बाबा खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून कारखान्यात लागायच्या आधी दोघांनी चरोद्याच्या रेल्वे यार्डासाठी मातीचा भराव टाकला होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पिणारा. माय त्याला बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात टाकायची, आणि ते झाड कधी इतकं दूर असायचं की त्याचं रडणं तिला ऐकू यायचं नाही. ती मला त्याच्यापाशी बसवायची. शाळा सुरू झाली आणि मी जायला लागले, तेव्हा त्याच्यापाशी कोणीच नसायचं.

मायला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"त्या मानसानं हात वर केला?"

"बटन दाबलं, माय."

"अन् मंग झालं का ते पाळनाघर?"

"नाही. बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं."

"कावून?"

"आत्ता नको म्हणे." ती पुन्हा भाकरी थापायला लागली, पण मधेच म्हणाली, "असा मानूस भेटला पायजे एखादे वेळी."

आणि तो भेटला. थंडीच्या दिवसांत खासदारांची एक तुकडी कारखाना पाहायला आली आणि त्यांत ते होते. ऑफिसात यादी टाईप करायला माझ्याकडेच आली. नाव वाचल्याबरोबर माझ्या चुका व्हायला लागल्या आणि तो कागद मला तीनदा टाईप करावा लागला. संध्याकाळी वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळींनी त्यांना चहाला बोलावलं होतं. मी बाबांना म्हटलं, मी येणार. बाबा म्हणाले, "बायका मागं बसतीन, तू बी बस. पन बोलजो नको."

शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. ते आले. धोतर, वर जाड कोट, भट्टीजवळ उभं राहून तोंड लाल झालेलं. वितळलेलं लोखंड वाहताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि त्याबद्दल ते लहान मुलासारखे हात हलवून सांगत होते. सगळे खूश होते. त्यांच्या पक्षाची दोन-तीन स्थानिक माणसं पुढे खुर्च्यांवर बसली होती. शेवटी ते म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते. पानी, क्वार्टर, शाळा."

कोणी पाण्याचं विचारलं, कोणी नागपूरच्या गाडीचं. मग मी उभी राहिले. बाबांनी मान वळवून पाहिलं. तोवर उशीर झाला होता.

"साहेब, तुम्ही तुमच्या पक्षाच्या विरोधात किती वेळा मत दिलं?"

पुढच्या खुर्च्यांवरून कुणीतरी "अरे!" म्हणालं. साहेब हसले.

"एक बी वेळा नाही, बेटा. पक्ष म्हंजे घर. घरातल्या गोष्टी घरात बोलायच्या, बाहेर एकच मत."

"पण पाळणाघराच्या दुरुस्तीला तुम्ही होय म्हटलं होतं."

आता ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "ते होय? ते बटन चुकलं होतं. नवं नवं यंत्र, बोट भलतीकडे गेलं." सगळे हसले. बाबाही हसले, सुटका झाल्यासारखे.

मला बसता आलं असतं. पण दोन महिने मी त्या याद्यांवर बोट फिरवलं होतं.

"साहेब, चुकलं की चिठ्ठी लिहून देतात. मग नावापुढे फुली असते आणि खाली टीप छापतात. तुमच्या नावाखाली टीप नाही."

हसणं एकदम थांबलं. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कोन?"

"ऑफिसात टायपिस्ट आहे. खंड माझ्याकडे येतात."

"अन् तू ते वाचतेस?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. पुढच्या खुर्चीवरचा एक जण त्यांच्या कानाशी झुकला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"मंग ऐका," ते म्हणाले. "मत घ्यायच्या आधी घंटा वाजते. बाहेर असलेले धावत येतात, मग दारं लावून घेतात. मी जागेवर बसलो. यंत्र असं आहे का, एका हातानं खटका दाबून धरायचा अन् दुसऱ्या हातानं बटन दाबायचं. दोन हात लागतात. दोन हातानं कोनी चुकते का?" आता ते स्वतःच हसले. "बोलनारा बोलत होता तवा मले माझ्या बहिनीचं लेकरू आठवून राहिलं होतं. धरनाच्या कामावर होती बहीन. लेकराले झाडाखाली ठेवलं होतं अन् ते..." त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. "मी होयचं हिरवं बटन दाबलं. बाहेर आल्यावर आमचे मुख्य प्रतोद म्हंतात, काय हे? मी म्हटलं, चुकलं. ते म्हंतात, मंग चिठ्ठी लिही. मी हो म्हटलं अन् चिठ्ठी खिशात ठेवली. दिली नाही."

मग आम्हा बायकांमधून माझी माय उठली. चारचौघांत ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"साहेब, मी रेजा होती. तुमी बराबर केलं," ती म्हणाली, आणि लगेच खाली बसून पदरात तोंड लपवलं.

नंतर जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खुर्चीवरचे एक जण उठून म्हणाले, हे बरोबर नाही, शिस्त म्हणून काही असते. बाबांच्या पाळीतला एक फिटर ओरडला, शिस्त झाडाखालच्या लेकराले सांगा. साहेब मधे उभे राहून दोघांचंही ऐकत होते. चहा दुसऱ्यांदा आला आणि तोही गार झाला. जाताना ते माझ्यापाशी थांबले.

"एक वेळा," ते म्हणाले. "लिहून ठेव. अन् खरं सांगतो, एकच वेळा. आनखी तीन-चारदा द्यायला पायजे होतं. धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी मला टेबलापाशी बोलावलं तेव्हा नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. बातमी माझ्याआधी ऑफिसात पोचली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कोणतं पान? दाखव मले."

मी दाखवलं. त्यांनी फुली शोधली, टीप शोधली, पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. मग पानाचा डबा बाजूला सरकवून त्यांनी कपाटातले जुने खंड टेबलावर मांडायला सुरुवात केली. "हे मी घेतो," ते म्हणाले. "ते तू घे. जेवायच्या सुट्टीतच हं, कामाच्या वेळेत नाही."

त्या दुपारी आमच्या सेक्शनमध्ये कोणीच वेळेवर जेवलं नाही.