शालीचं दुसरं टोक

डॉक्टरांच्या वकिलाने ठाण्याच्या ग्राहक आयोगात रिप्लाय दाखल केला आणि त्याची प्रत माझ्या हातात दिली. असे कागद मी शेवटच्या पानापासून वाचते, कारण वाईट बातमी बहुतेक वेळा जोडलेल्या कागदांत असते. शेवटच्या पानावर रंगीत फोटो होता. माझा अशील जगदीश भोईर हसतमुखाने, ज्यांच्याविरुद्ध आमची तक्रार होती त्याच डॉक्टरांच्या खांद्यावर शाल घालत होता.

जगदीशचा शीळफाट्याजवळच्या गावात मंडपाचा धंदा. मानेला गाठ आली म्हणून कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये त्याने ती काढून घेतली. गाठ साधी निघाली. पण त्या दिवसापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मानेच्या बाजूने एक बारीक नस जाते, तिच्या जोरावर आपण खांदा उचलतो. गाठ काढताना ती कापली गेली, असं आमचं म्हणणं होतं. मंडपवाल्याचा हात वर जात नसेल तर तो कापड बांधणार कसा? ऑपरेशनला दीड वर्ष होत आलं होतं आणि धंदा जवळजवळ बंद पडला होता.

रिप्लायमध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटचा हात ठणठणीत होता. एकोणिसाव्या दिवशी गावच्या सत्यनारायणाच्या पूजेत त्याने स्वतः डॉक्टरांचा सत्कार केला, हा त्याचा फोटो. पुढे दोन महिन्यांनी तो शिडीवरून पडला आणि खांदा तेव्हा गेला. पडल्याचा केसपेपरही सोबत होता.

शिडीबद्दल जगदीशने मला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला, सुरेखाला घेऊन ऑफिसात आला. मी फोटो आणि केसपेपर टेबलावर ठेवले आणि तोंडाचा पट्टा सोडला. तीस वर्षं वकिली करून मी एकच गोष्ट शिकले आहे, की अशिलाचं खोटं समोरच्या वकिलाला आधी कळतं.

"सांगितला तर केस पडेल असा मना वाटला," जगदीश खाली बघत म्हणाला. "या हातानी शिडी धरवली नाय म्हणून तर पडलो, मॅडम."

मला ते पटलं. पण माझ्या पटण्याला आयोगात काही किंमत नाही. आमच्याकडे सरकारी हॉस्पिटलचा ईएमजीचा रिपोर्ट होता. म्हणजे नस चालते की नाही ते बघणारी तपासणी. पण ती केली होती पडल्यानंतर. नस गेलीय हे त्यात स्पष्ट होतं, कधी गेली ते नव्हतं. हात पडण्याआधीच गेला होता हे दाखवता आलं नाही, तर केस तिथेच संपत होती.

सत्कार करायची काय अवदसा आठवली, असं मी विचारलं. उत्तर सुरेखाने दिलं. कॅन्सर नाही म्हटल्यावर घरात सगळे रडले होते. डॉक्टर त्यांना देवच वाटले. हात महिना-दोन महिन्यांत सुधारेल, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, मग शंका कशाला घ्यायची? एवढं बोलून तिने फोटो जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

"यो फोटू कापलाय," ती म्हणाली. "शालीच्या ह्या बाजूचा हात यांचा नाय. यांनी अंगठी कवा घातलीच नाय. यो माझ्या भावोजींचा हात."

फोटोच्या कडेला, शालीवर, अंगठी घातलेली दोन बोटं होती. मी तो फोटो रात्रभर बघितला होता. मला ती दिसली नव्हती. लाज वाटली.

पूजेचं शूटिंग दिवा गावातल्या एका फोटोग्राफरने केलं होतं. पुढचा आठवडा मी नीट जेवले नाही. तो आधी फोन उचलेना, मग म्हणाला, जुनं सगळं उडवलं असेल. शेवटी जगदीश स्वतः त्याच्या दुकानात जाऊन बसला. दोघांनी कितीतरी हळदी एकत्र केल्या होत्या, एकाचा मंडप, दुसऱ्याचा कॅमेरा. व्हिडिओ मिळाला. पण व्हिडिओ खरा आहे असं सर्टिफिकेट शूटिंग करणाऱ्याने सही करून द्यावं लागतं, आणि त्या नर्सिंग होमचे कार्यक्रमही हाच माणूस शूट करायचा. सही त्याने केली, तारखेच्या आदल्या संध्याकाळी. तोवर मी त्याला किती शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर पाहिला. जगदीश शाल उचलतो. डावा हात वर जातो, उजवा छातीशी अडकतो. तो पुन्हा प्रयत्न करतो. मग त्याचा भाऊ पुढे होऊन दुसरं टोक धरतो. आणि हे सगळं समोरून बघत असलेले डॉक्टर, शाल नीट बसावी म्हणून, हसत खाली वाकतात.

बाईंनी तेवढा भाग परत लावायला सांगितला. मग डॉक्टरांच्या वकिलाकडे वळून म्हणाल्या, "पूजेची तारीख तुमच्याच रिप्लायमध्ये आहे ना? पडण्याच्या आधीची?"

"हो, मॅडम."

"मग तुमचे डॉक्टर कशासाठी वाकले?"

निकाल आमच्या बाजूने लागला. नस कापली जाणं हा एक वेळ अपघात म्हणता येईल, पण हात वर जात नाही हे डोळ्यांनी बघूनही पेशंटला तज्ज्ञाकडे पाठवलं नाही, हा निष्काळजीपणा आहे, असं त्यात म्हटलं होतं. डॉक्टरांनी अपील केलं नाही.

निकाल सांगायला मी जगदीशला फोन केला. भरपाई किती हे त्याने विचारलंच नाही.

"आता नस जोडता येल ना, मॅडम?"

मी ऑर्थोपेडिक सर्जनला आधीच विचारून ठेवलं होतं. अशी नस पहिल्या काही महिन्यांतच जोडता येते. आम्ही निकालापर्यंत पोहोचलो तेव्हा ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. मी त्याला तसं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि फोन सुरेखाकडे दिला.

तेव्हापासून असा पेशंट पहिल्यांदा आला की मी फाइल उघडत नाही. ऑपरेशन कधी झालं ते विचारते, आणि काही महिनेच झाले असतील तर त्याला आधी दुसऱ्या डॉक्टरकडे धाडते. वकील नंतरही मिळतो.