केनेथची सात मुलं

मला माझ्या खापरपणजोबांचं नाव माहीत नाही. मात्र कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून जहाजानं न्यूझीलंडला आलेल्या अर्ध्या गावाचे खापरपणजोबा मी एका रविवारी, चहाबरोबर खारी खाता खाता, ठरवून टाकले होते.

त्या वेळी, म्हणजे दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला, आम्ही ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको स्मिता आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई. (बाबा आले नव्हते. आपण गेलो तर सोसायटीचं पाणी कोण सोडणार, असा त्यांचा सवाल होता!) शेजारी मार्गारेट राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत. तिची आणि आईची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. आई मराठीत बोलायची, मार्गारेट इंग्रजीत, आणि कुंपणावरून लिंबं आणि चिवडा यांची देवघेव करत दोघी मनसोक्त गप्पा मारायच्या. एकमेकींचं बोलणं कळत नसल्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती.

एका रविवारी मार्गारेट गंभीर चेहऱ्यानं घरी आली.

"मिलिंद, तू कम्प्युटरचा माणूस आहेस ना?"

या प्रश्नाला शहाण्या माणसानं 'नाही' म्हणावं. मी छाती फुगवून म्हटलं, "बोल, काय काम आहे?"

काम असं होतं. मार्गारेटचे पूर्वज मूळचे स्कॉटलंडचे. ते आधी नोव्हा स्कोशियात जाऊन राहिले, तिथल्या बर्फाला कंटाळले, मग स्वतःच जहाज बांधून थेट पृथ्वीच्या या टोकाला आले आणि ऑकलंडच्या उत्तरेला एका खेड्यात स्थायिक झाले. दर काही वर्षांनी त्यांच्या वंशजांचा तिथे मेळावा भरायचा. हॉलमध्ये प्रत्येक मूळपुरुषाच्या नावाचं एक टेबल. ज्याचं जे घराणं, त्यानं त्या टेबलावर जेवायचं. मार्गारेट चार वर्षांची असताना तिचे वडील गेले, आई तिला घेऊन ऑकलंडला आली आणि सासरच्या माणसांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. त्यामुळे आपलं टेबल कुठलं, हेच मार्गारेटला ठाऊक नव्हतं.

"मागच्या वेळी मला दाराजवळच्या 'इतर' टेबलावर बसवलं," ती म्हणाली. "तिथे मी आणि बसचा ड्रायव्हर. भला माणूस होता. पण तो परका होता, म्हणून तिथे होता. मी परकी नाही रे. मरायच्या आधी एकदा मला माझ्या टेबलावर बसून जेवायचंय."

आईला शब्द कळले नाहीत, पण डोळ्यांतलं पाणी कळलं. "काय वाटेल ते कर, पण हिचं काम कर," आईनं हुकूम सोडला.

मार्गारेटकडे पुरावा म्हणून गावच्या स्मशानातल्या दगडांचे फोटो होते. त्यातला एक तिच्या आजोबांचा. त्यावर कोरलं होतं, 'डोनाल्ड केनेथ, जेसीचा लाडका मुलगा.' पुढे आडनाव, पण अर्ध्या स्मशानाचं आडनाव तेच!

"बघ ना, वडिलांचं नावच नाही," मार्गारेट सुस्कारा टाकून म्हणाली.

मी दगडाकडे पाहिलं आणि मला हसूच आलं. "नाही काय? हे काय समोर लिहिलंय! डोनाल्ड केनेथ. म्हणजे केनेथचा मुलगा डोनाल्ड!"

"पण मधलं नाव म्हणजे नुसतं एक..."

"मधलं नाव म्हणजे वडील! मी मिलिंद दिगंबर. दिगंबर कोण? माझे वडील. सरळ आहे!"

मार्गारेटनं आणखी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी "ट्रस्ट मी" म्हणालो. शेवटी बिचारीला वाटलं, एवढ्या ठामपणे बोलतोय म्हणजे याला काहीतरी माहीत असणार. (असं आमच्या ऑफिसातही बऱ्याच जणांना वाटायचं.)

एकदा किल्ली सापडल्यावर काय विचारता! उरलेल्या फोटोंत आणखी सहा केनेथ सापडले. ह्यू केनेथ, अँगस केनेथ, मर्डॉक केनेथ... म्हणजे केनेथला एकूण सात मुलं. मी भराभर चौकोन काढून रेघा जोडत सुटलो.

स्मिता मागे उभी राहून बघत होती. ती ऑडिटमध्ये आहे, त्यामुळे तिला दुसऱ्याचा आनंद बघवत नाही. "मिलिंद, या सातही जणांच्या आयांची नावं वेगवेगळी आहेत. जेसी, इझाबेला..."

माझा हात थांबला. पण आई मदतीला धावली.

"अगं, बाई एकच असणार! लग्नात नाव बदललं असेल. माझंच बघ. माहेरची मी कुसुम, सासरी सुनंदा, पत्रिकेतलं नाव तिसरंच आणि माझी आत्या मला मरेपर्यंत बेबी म्हणायची."

"आई, सात नावं?"

"मोठं खटलं असेल सासरी."

सात बायकांची मी एक बाई केली. स्मिता अजून हलली नव्हती. "आणि ही सातही मुलं एकाच वर्षात जन्मलीत!"

यावर मात्र माझं मलाच उत्तर सुचलं. आमच्या घरात बाबा, दोन्ही काका आणि आत्या, सगळ्यांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकली, झालं! नोव्हा स्कोशियाच्या मास्तरांनी याहून वेगळं काय केलं असणार?

"हे तू भर सभेत सांगणार आहेस?" स्मितानं विचारलं.

"का नाही?"

"काही नाही. मी गाडीत बसेन."

ऑफिसातल्या नकाशे छापायच्या यंत्रावर मी तो वंशवृक्ष छापला. दाराएवढा! खाली झोकात लिहिलं, 'संशोधन : मिलिंद दिगंबर', पुढे आडनाव, पुढे पदवी. मार्गारेटनं केनेथच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाली, "हॅलो, पणजोबा." तेव्हा मला जे वाटलं, ते पगारवाढ मिळाल्यावरही कधी वाटलेलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मार्गारेट निळ्या ठेवणीतल्या ड्रेसमध्ये, आई रव्याच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. गावात शिरताच बॅगपाइप वाजायला लागले. "लग्न आहे का?" आईनं विचारलं. हॉलमध्ये दोनशे माणसं, भिंतीवर एका दाढीवाल्या गृहस्थाची मोठी तसबीर आणि टेबलाटेबलावर मूळपुरुषांची नावं. दाराजवळ 'इतर' टेबलावर खरंच बसचा ड्रायव्हर एकटा सँडविच खात होता. त्यानं "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून हात हलवला. मार्गारेटनंही हलवला, पण ताठ मानेनं पुढे गेली.

मेळाव्याचा प्रमुख अ‍ॅलेक नावाचा लालबुंद, उत्साही गृहस्थ होता. वंशवृक्ष पाहून तो हरखला. "केनेथची शाखा? आमच्याकडे केनेथचं टेबलच नाही!" त्यानं लगेच मध्यभागी, बरोबर तसबिरीखाली, नवं टेबल लावून घेतलं. मार्गारेटला पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि माइकवरून जाहीर केलं, "ज्यांच्या पूर्वजाचं मधलं नाव केनेथ, त्यांनी इकडे या!" माणसं आपापल्या थाळ्या उचलून येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या. शेजारची टेबलं ओस पडली.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग इयन आणि फ्लोरा हे वयस्कर जोडपं वंशवृक्षापुढे उभं राहिलं.

"इयन," फ्लोरा म्हणाली, "तुझे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ होते?"

"असं दिसतंय खरं."

"चाळीस वर्षं संसार केला आपण!"

"तरीच आपल्या मुलांची नाकं तशी आहेत," इयन शांतपणे म्हणाला.

कुजबुज वाढली. तेवढ्यात काठी आपटत ख्रिस्टीना आजी पुढे आल्या. वय पंचाण्णव, गावातल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी नाकावर चष्मा चढवून वंशवृक्ष वाचला आणि विचारलं, "कुठला केनेथ हा?"

अ‍ॅलेकनं माझ्या हातात माइक दिला. (इथे जमीन दुभंगायला हवी होती.) मी दोनशे लोकांना मधल्या नावाचं शास्त्र समजावून सांगितलं. एक जूनचा सिद्धान्तही सांगितला. सात नावांच्या एका बाईबद्दलही सांगितलं. स्मिता गाडीकडे निघालेली मला दिसली.

ख्रिस्टीना आजींनी काठी उचलून तसबिरीकडे रोखली. "केनेथ तो आहे. जहाजाचा कप्तान. प्रवासात जी सात बाळं जन्मली, त्यांना कृतज्ञता म्हणून त्याचं नाव मधे लावलं. त्यानं आयुष्यात लग्न केलं नाही."

हॉलमध्ये एवढी शांतता पसरली, की ड्रायव्हरचं सँडविच चावणंही ऐकू आलं. मग एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि बघता बघता सगळा हॉल खदखदायला लागला. "सात मुलं! एका प्रवासात!" कुणीतरी ओरडलं. तसबिरीतला कप्तान मात्र माझ्याकडेच बघत होता.

हसत नव्हती ती फक्त मार्गारेट. तिनं गुपचूप पर्स उचलली, खुर्ची नीट आत सरकवली आणि दाराजवळच्या टेबलाकडे चालू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हुशारीपायी त्या बाईला तिचं टेबल मिळालं होतं आणि भर सभेत पुन्हा गेलंही होतं.

आईला काय झालं ते कळलं नाही, पण कुणीतरी जेवणावरून उठून चाललंय, हे कळलं. आणि तिच्या राज्यात हे चालत नाही! ती डबा घेऊन मार्गारेटच्या आडवी गेली, तिचा हात धरला, तिला तशीच ख्रिस्टीना आजींसमोर नेऊन उभी केली आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, ते केनेथचं राहू दे. जेसीचं माहेर कुठलं?"

"आई, आता पुरे..."

"विचार म्हणते ना! सगळे मेले बाप शोधतायत. बाळ झालं त्या बाईला आईबाप, बहिणी नव्हत्या का?"

मी विचारलं. ख्रिस्टीना आजींनी काठी खाली टेकवली. "जेसी? नोव्हा स्कोशियात नवरा वारला, पोटुशी असतानाच जहाजावर चढली, ती जेसी? ती माझ्या आजीची सख्खी बहीण!" त्यांनी मार्गारेटचा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला. "अगं, तुझी हनुवटी आमचीच आहे की! कुठे होतीस इतकी वर्षं?"

मार्गारेट ढसाढसा रडली. आई रडली. (कशासाठी, ते मी नंतर भाषांतर करून सांगितलं.) अ‍ॅलेकनं जाहीर केलं, की कप्तानाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा जहाजावर जन्मलेल्या बाळांचे वंशज म्हणजेच त्याचं कुटुंब, आणि केनेथचं टेबल यापुढे दर मेळाव्याला लागेल. मार्गारेट आपल्या खुर्चीवर परत बसली, एका बाजूला ख्रिस्टीना आजी, दुसऱ्या बाजूला आई. माझं पान दाराजवळ, ड्रायव्हरशेजारी वाढलं होतं. "भलताच कार्यक्रम केलास मित्रा," तो म्हणाला आणि मला लोणच्याची बरणी दिली.

महिन्याभरानं मार्गारेट स्वतःच्या हातानं काढलेला, दुरुस्त वंशवृक्ष घेऊन आली. जेसी, डोनाल्ड, तिचे वडील, ती. आणि तिच्याखाली ठिपक्यांची रेघ काढून लिहिलं होतं, 'मिलिंद.'

"मला मूल नाही," ती म्हणाली. "ठिपक्यांनी काढलंय. चालेल ना?"

मी मान हलवली, आणि मग मला दिसलं, की तिच्या नावाशेजारीही ठिपके होते आणि तिथे लिहिलं होतं, 'दिगंबर.'

"मार्गारेट, हे काय?"

"तुझाच नियम!" ती अभिमानानं म्हणाली. "मधलं नाव म्हणजे वडील. मी तुझी आई, म्हणजे दिगंबर माझा... बरोबर ना? मेळाव्याच्या पुस्तिकेत छापूनसुद्धा आलंय!"

आईनं चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला.

"बाई चांगली आहे, माझी हरकत नाही," ती शेवटी म्हणाली. "फक्त तिला सांग, ह्यांना पहाटे पाचला चहा लागतो. आणि साखर कमी घालायची, पण सांगायचं नाही."

पुण्याला फोन करून ही बातमी द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तिकडे आलो, तर माझं पान केनेथच्या टेबलावर?"

"हो, बाबा."

"आणि तुझं?"

"दाराजवळ," मी म्हटलं. "ते पुस्तिकेत वेगळं छापलंय."